रिपोर्टातला आकडा
(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



डॉक्टर सोडून मला का उभं केलं, असं कुणाच्या मनात येईल. मी केमिकल लॅबमधला माणूस, आयुष्यभर पोलादाचे नमुने तपासले. पण नातीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. ती सांगा, असा चिटणीसांचा आग्रह आहे.

नात तेव्हा दहा महिन्यांची. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. ते बुजवताना हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ हार्ट-लंग मशीन अंगात रक्त फिरवतं. ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी रिपोर्ट बघितला, क्रिएटिनिन नॉर्मल. मी सूनबाईला ठासून सांगितलं, "किडनी उत्तम आहे, तू दोन घास खाऊन घे." दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, क्रिएटिनिन चढलं. सूनबाई एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही तर ठीक म्हणाला होतात."

तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "अंकलजी, क्रिएटिनिन देर से बताता है." किडनीला मार बसल्यावर ते रक्तात साठून आकडा चढायला एक ते तीन दिवस जातात. शिवाय मशीनमधल्या द्रवाने लहान मुलाचं रक्त पातळ होतं, त्यामुळेही आकडा कमी दिसतो.

पुढे मी वाचत गेलो. अमेरिकेत सिनसिनाटीला डॉ. प्रसाद देवराजन आणि सहकाऱ्यांनी अशा ७१ मुलांचा अभ्यास करून २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. २० मुलांच्या किडनीला इजा झाली होती. एनगॅल नावाचं प्रथिन त्यांच्या रक्तात आणि लघवीत दोनच तासांत वाढलेलं दिसलं. ही तपासणी सगळीकडे रोज होत नाही, हेही सांगतो.

लॅक्टेटचं मात्र आपल्या लॅबवाल्यांना लगेच पटेल. पेशींना प्राणवायू कमी पडला की ते वाढतं. ऑपरेशननंतर थोडं वाढलेलं असतंच; तासातासाने उतरतंय की चढतंय, ते बघायचं. एका नमुन्यावर आपण कधी हीट पास केली का? आणि काही औषधांनीही ते चढतं, म्हणून डॉक्टर हातपाय गरम आहेत का, लघवी किती झाली, तेही बघतात. ट्रोपोनिनचं तसंच. मोठ्या माणसात ते वाढलं की हार्ट अटॅकची शंका घेतात. इथे सर्जनने हृदयालाच टाके घातलेले, ते वाढणारच. तो आकडा बघून मी उगाच रात्रभर जागलो.

चौथ्या दिवशी लघवीची पिशवी भरू लागली. नर्सबाईंनी ती उचलून दाखवली तेव्हा सूनबाई रडली. मी त्या दिवशी रिपोर्ट मागितलाच नाही.

बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, धाप लागत असेल, वजन वाढत नसेल, तर वेळ न घालवता दाखवा. नवा रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. कुणाला काही विचारायचं असेल तर आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलाशी आहे. नातही तिथेच सापडेल, मोदक वाटण्यापेक्षा खाण्याकडे तिचं लक्ष जास्त.