चोरी लहान म्हणून फिर्याद लहान होत नाही

(संघटनेच्या तालुका मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवावा.)



आज आपण जमलो ते प्लॉटच्या प्रश्नासाठी. त्यावर बोलणं होईलच. पण सकाळपासून एकेका पाड्याचं गाऱ्हाणं ऐकताना एक गोष्ट सगळीकडून आली. कोणाची शेळी गेली. कोणाचं खळ्यावरचं भात गेलं. कोणाच्या बंद घराची कौलं सरकवून पितळेची भांडी नेली. आणि प्रत्येकाच्या सांगण्याचा शेवट एकच, "ठाण्यात गेलो होतो, पण लिहूनच घेतलं नाही." म्हणून आधी यावर बोलू.

बाजारातला माणूस म्हणतो, एक शेळी गेली तर एवढं काय? आपल्याकडे शेळी म्हणजे बँक आहे. आवणीच्या दिवसांत कणगी रिकामी असते, पोर तापानं फणफणतं, तेव्हा शेळी विकून दवाखाना होतो. ती शेळी गेली की सावकाराचं दार. सावकाराकडून मुकादमाची उचल, आणि उचलीतून वीटभट्टी. एका शेळीच्या मागं एका घराचं अख्खं वर्ष जातं. ठाण्याच्या भाषेत याला 'किरकोळ' म्हणतात.

आणि ही चोरी होते कधी? दिवाळी सरली, भात झोडून झालं, की निम्मा पाडा भट्टीवर नाहीतर खाडीत रेतीवर जातो. घरात म्हातारी, नाहीतर दाराला कुलूप. चोराला हे सगळं ठाऊक आहे. ठाण्यालाही ठाऊक आहे. पण त्या महिन्यांत पाड्यांवर गस्त वाढली असं आपल्यापैकी कोणी पाहिलंय का? हात वर करा. एकही हात नाही.

आता ठाण्यात आपल्याला काय उत्तरं मिळतात ती बघा. आज सगळ्यांची एकत्र केली तर पाच-सहाच निघाली.

"साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." उद्या म्हणजे आपली एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं दोन वेळचं भाडं.

"आधी चोर कोण ते सांग." चोर माहीत असता तर निम्मं काम आपणच केलं असतं. तपास कोणी करायचा?

"शेळीची पावती आण." आपल्याच गोठ्यात जन्मलेल्या शेळीची पावती कोण देतो?

"ती हद्द आमची नाही." नदीच्या अलीकडे एक ठाणं, पलीकडे दुसरं, आणि आपण मध्ये.

"ही एनसी आहे, आम्हाला तपास करता येत नाही."

आणि सगळ्यात चलाख उत्तर, "चोरी नको, हरवली असं लिहू. तुलाच त्रास कमी."

एका पाड्यावरच्या विधवा बाईच्या चार शेळ्या रात्रीतून गेल्या. ती तीन वेळा ठाण्यात गेली. तिसऱ्या वेळी तिच्या सांगण्यावरून कागद लिहिला असं म्हणाले आणि अंगठा घेतला. घरी आल्यावर आश्रमशाळेत शिकणाऱ्या नातीनं तो कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की शेळ्या चरायला गेल्या त्या परत आल्या नाहीत, माझा कोणावर संशय नाही. गोठ्याची दोरी कापलेली होती, चिखलात टेम्पोच्या चाकांच्या खुणा होत्या, हे तिनं सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं.

हे असं का होतं? नोंदलेली चोरी उघडकीला आली नाही तर वरचे साहेब जाब विचारतात. न नोंदलेल्या चोरीबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. पोलीस आपापसात याला गुन्हा 'बर्क' करणं म्हणतात. वर्ष संपलं की कागदावर आपला तालुका शांत दिसतो. गस्त, माणसं, गाडी देतानाही तोच कागद बघितला जातो. चोरीच नाही तर जादा हवालदार कशाला?

आम्ही एकतर्फी बोलत नाही. एका ठाण्याखाली कितीतरी गावं असतात. बीटचा जमादार कधी कधी आपल्यासारखाच एसटीनं येतो. सणाला, निवडणुकीला त्याला चार-चार दिवस घर दिसत नाही. हे खरं आहे. पण फिर्याद लिहून घ्यायला जीप लागत नाही, पेट्रोल लागत नाही. कागद आणि पेन लागतं.

आणि गाडी नसते असंही नाही. घर शाकारायला तोडलेल्या चार वाशांबद्दल फॉरेस्टच्या गार्डनं खबर दिली की त्याच रात्री गाडी पाड्यावर येते. 1927 च्या जंगल कायद्यानं फॉरेस्टवाल्याला आणि पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार दिलाय, आणि तो वापरला जातो. सरकारचं लाकूड गेलं तर कायदा धावतो. आपलं भात गेलं तर कायदा बंदोबस्ताला गेलेला असतो. आपली तक्रार इथं आहे. आम्हाला जास्तीचं काही नको. लाकडाला जे माप लावता तेच शेळीला लावा.

आता मनातली भीतीही बोलून टाकू. पुष्कळ लोक, त्यातही बायका, ठाण्याची पायरीच चढत नाहीत. त्याला कारण आहे. 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात, भावानं दिलेल्या तक्रारीवरून बोलावलेल्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. 1978 साली सुप्रीम कोर्टानं त्या पोलिसांना सोडून दिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. म्हणून लक्षात ठेवा. बाईची साक्ष घ्यायची असेल तर तिला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी येऊन विचारायचं असतं. आणि फिर्याद द्यायला जायचं तर बाईनं एकटीनं जायचं नाही. चार बाया सोबत जा.

दुसरी भीती आम्हाला आपल्याच लोकांची वाटते. ठाणं ऐकत नाही म्हणून पोरं म्हणतात, "आता सापडला की आम्हीच बघतो." साथींनो, राग आम्हाला कळतो. पण रात्री पाड्यावरून जाणारा अनोळखी माणूस चोरच असतो का? फासेपारध्यांवर इंग्रजांनी कायदा करून जन्मापासून चोर असा शिक्का मारला. 1871 चा तो कायदा 1952 साली गेला, शिक्का अजून गेला नाही. कुठं काही चोरीला गेलं की पहिलं नाव त्यांचं घेतात. आपल्यालाही 'जंगलचोर' म्हणतातच ना? मग ज्या शिक्क्याखाली आपण भाजलो तो दुसऱ्याच्या कपाळावर मारायचा नाही.

तसंच भगताकडे दाणे टाकून चोर शोधायचा नाही. दाण्यातून चोर निघत नाही. निघते ती शेजारची एकटी म्हातारी. मग तिला मारहाण होते, घर मोडतं, गाव फुटतं. आणि त्या दिवशी मात्र पोलिसांची गाडी वेळेवर येते, आपली पोरं भरून नेते, आणि खरा चोर बाजारात शेळी विकून मोकळा होतो.

तर मग करायचं काय? कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. हे 2024 पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे 1973 च्या कायद्यात होतं.

एक. 2024 पर्यंत कोणतीही चोरी हा दखलपात्र गुन्हा होता. तेव्हाच्या दंड विधानाच्या कलम 379 मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. घरात शिरून केली तर कलम 380, सात वर्षांपर्यंत. त्यात अमुक रुपयांच्या वरची तीच चोरी असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. कोंबडी गेली तरी चोरीच. म्हणून 'ही एनसी आहे' हे उत्तर तेव्हा चोरीला चालत नव्हतं.

दोन. तुम्ही तोंडी सांगितलं तरी ठाणे अंमलदारानं ते लिहून घ्यायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं, मग तुमची सही किंवा अंगठा घ्यायचा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. त्याची नक्कल फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचं नाही.

तीन. लिहून घेतलं नाही तर तीच फिर्याद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला टपालानं पाठवायची. रजिस्टर करायची आणि पोचपावती जपायची. अधीक्षकानं स्वतः तपास करायचा, नाहीतर हाताखालच्याला करायला लावायचा.

चार. तपास करणार नाही असं पोलिसांनी ठरवलं तर तेही फिर्यादीला कळवावं लागतं. आणि तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. तो लिहायला संघटना मदत करील.

पोलीस पाटलालाही त्याच्या कामाची आठवण द्या. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणं गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं काम आहे. तो आपलाच माणूस असतो. त्याच्याशी भांडू नका, त्याला सोबत घेऊन जा.

एक खुलासा. गावातल्या गावात झालेलं, कोणाची गुरं कोणाच्या वरईत शिरली, बांधावरून बोलाचाली झाली, हे ठाण्यात न्यायची गरज नाही. आपले पंच बसून मिटवतात ते चांगलं आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं आपल्या रितीनं तंटा मिटवायची ताकद ग्रामसभेकडे मानली आहे. पण टेम्पो घेऊन येणारी टोळी पंचांपुढे येऊन बसणार नाही. तिथं पोलिसांनीच काम करायचं. पंच आहेत म्हणून ठाण्याची सुटका नाही.

म्हणून आज आपण हे ठरवू. प्रत्येक पाड्यावर एक शंभर पानी वही ठेवायची. चोरी झाली की त्याच दिवशी तारीख, काय गेलं, काय खुणा दिसल्या, ठाण्यात कोण गेलं, समोर कोण होतं, काय उत्तर मिळालं, ते लिहायचं. शाळेत जाणारी पोरं-पोरी लिहितील. दर महिन्याला सगळ्या वह्या एकत्र आणायच्या. स्थलांतराच्या महिन्यांत मागं राहणाऱ्यांनी पाळीपाळीनं रात्री जागायचं, पण हातात बॅटरी आणि शिट्टी. अंगावर हात टाकायचा नाही. कोणी सापडला तर सगळ्यांदेखत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा आणि तेही वहीत लिहायचं.

आणि ठाण्यापुढे आपल्या मागण्या तीन. आलेली प्रत्येक फिर्याद लिहून घ्या आणि नक्कल द्या. दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत पाड्यांवर गस्त ठेवा. आठवडे बाजारात पोलिसाची चौकी बसवून विकायला आलेल्या गुराढोरांची विचारपूस करा, कारण चोरीचा माल शेवटी तिथंच येतो.

कोणी म्हणेल, वह्या लिहून काय होणार? तर आठवा. फॉरेस्टनं आपल्या बापजाद्यांना दंड केला, पावत्या फाडल्या. त्या वेळी त्या पावत्या म्हणजे अपमान होता. काहींनी त्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. पुढे 1978 च्या आधीपासून आपण जमीन कसतोय हे दाखवायची वेळ आली, तेव्हा त्याच पावत्या पुरावा म्हणून पुढे आल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांना अजून खेपा घालाव्या लागताहेत. सरकारला आपलं दुःख दिसत नाही, कागद दिसतो. मग कागद आपण करू.

येत्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, ज्यांच्या ज्यांच्या फिर्यादी राहिल्यात ते सगळे मिळून ठाण्यात जाऊ. त्या विधवा बाईचा कागद पहिला. शांतपणे जायचं, रांगेनं बसायचं, एकेकानं सांगायचं. नक्कल हातात पडेपर्यंत उठायचं नाही. भाकरी बांधून आणा.

लिहून घ्या, नक्कल द्या!
आदिवासी एकजूट जिंदाबाद!