गाणं वाया जात नाही

गाणं शिकणारा मुलगा नाटकाकडे वळला की घरात हळहळ सुरू होते. एवढी वर्षं रियाज केला, सगळं वाया गेलं! मला ही हळहळ मुळीच मान्य नाही. का नाही, ते लॉस एंजेलिसच्या एका चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, कलावंताकडे बघून सांगते. त्यांचं नाव एडवर्ड जेम्स ओल्मोस.

'ब्लेड रनर'मधले, 'मायामी व्हाइस'मधले नट म्हणून ते तुम्हाला ठाऊक आहेत. पण त्यांची सुरुवात गाण्यातली. जन्म १९४७चा, वाढले पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत. तरुणपणी त्यांनी 'पॅसिफिक ओशन' हा रॉक बँड काढला. रात्री सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांत गायचे. १९६८ साली एक रेकॉर्डही निघाली, पण गाजली नाही. अभिनयाच्या वर्गाला गेले, तेही मंचावरचं गाणं सुधारावं म्हणून. पुढे किरकोळ भूमिका आणि पोटासाठी घरोघर फर्निचर पोचवण्याचं काम. बघणाऱ्याला वाटावं, गाणं संपलं.

ते संपलं नव्हतं, आत काम करत होतं. आपण दुधाला विरजण लावतो, तेव्हा तो चमचा ढवळल्यावर कुठे दिसतो का? पण सकाळी दही घट्ट लागतं ते त्या चमच्यामुळेच. अट एकच, रात्रभर भांडं हलवायचं नाही. आपण मात्र दर तासाला झाकण काढून बघतो!

ओल्मोस यांचं दही लागायला दहा वर्षं गेली. १९७८ साली मार्क टेपर फोरम या नाट्यगृहात लुईस वाल्डेझ यांचं 'झूट सूट' आलं. स्लीपी लगून खटल्यात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांवर झालेल्या अन्यायाचं हे नाटक, लालो गेरेरो यांच्या गाण्यांनी भरलेलं. ओल्मोस त्यात एल पाचुको होते. हा पाचुको थोडा सूत्रधार, थोडं नायकाचंच दुसरं मन. वर्तमानपत्राचं भलंमोठं पान चाकूनं फाडून तो येतो, गातो, नाचतो, चुटकी वाजवून चालता प्रसंग थांबवतो. ज्याच्या अंगात ताल नाही, त्याला ही भूमिका पेलत नाही. क्लबातल्या त्या सगळ्या रात्री इथे कामी आल्या. पुढल्या वर्षी नाटक ब्रॉडवेवर गेलं. तिथे ते थोड्याच आठवड्यांत बंद पडलं, पण ओल्मोस यांना टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

आता कुणी म्हणेल, पाचुको गातो, म्हणून गाणं उपयोगी पडलं. नाही हो, माझं म्हणणं त्याहून मोठं आहे. जिथे गायचंच नाही, तिथेही ते उपयोगी पडतं! १९८२चा 'द बॅलड ऑफ ग्रेगोरिओ कोर्टेझ' हा चित्रपट घ्या. त्यात ओल्मोस कोर्टेझ होते. टेक्सासमध्ये एका कथागीतातून लोकांच्या तोंडी राहिलेला हा माणूस. त्याचं स्पॅनिश बोलणं चित्रपटात भाषांतराच्या ओळींशिवाय ठेवलं आहे. भाषा न येणाऱ्या प्रेक्षकाला आधार फक्त आवाजाचा. आवाज कुठे चढतो, कुठे तुटतो, यावरून माणूस कळतो. हे गवयाचं काम आहे. आणि 'मायामी व्हाइस'मधला त्यांचा कास्तियो? तो जवळजवळ बोलतच नाही. त्या भूमिकेसाठी १९८५ साली एमी मिळाला. कुठे थांबायचं, हे गाणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आजच्या दह्यातला चमचाभर आपण उद्याच्या विरजणासाठी राखतो ना? तसंच हे. क्लबातलं गाणं पाचुकोत गेलं, पाचुकोतलं कोर्टेझमध्ये, तिथून १९८८च्या 'स्टँड अँड डिलिव्हर'मधल्या शिक्षकात, ज्यासाठी ऑस्करचं नामांकन झालं. त्या वर्गातली त्यांची बोलण्याची लय ऐकण्यासारखी आहे, पण... वेळ संपत आला.

तेव्हा एवढंच पुन्हा सांगते, कारण हेच विसरलं जातं. गाणं वाया जात नाही. पालकांनो, मुलगी गाण्याच्या वर्गातून नाटकाच्या तालमीला गेली तर कपाळाला हात लावू नका. आणि मुलांनो, नट व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण सकाळचा रियाज सोडू नका.