नाणं घासण्याआधी हे ऐका

आजचा विषय छोटा आहे, पण दर दिवाळीला कामाला येईल असा. लक्ष्मीपूजनासाठी आजीच्या डब्यातून चांदीचे जुने रुपये निघतात. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज वगैरे. काळे पडलेले असतात, मग कोणीतरी टूथपेस्ट घेतं, कोणी चिंच, कोणी भांड्यांची पावडर. पाच मिनिटांत नाणं चकाचक! आणि संग्राहकाच्या नजरेत त्याची किंमत त्याच पाच मिनिटांत उतरते.

का? नीट समजून घेऊ.

टांकसाळीत डाय जोरात आदळतो तेव्हा धातू दाबाखाली बाहेरच्या बाजूला सरकतो. त्यामुळे पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा तयार होतात. नवं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो ना, तो या रेषांमुळे. यालाच मिंट लस्टर म्हणतात. पॉलिशची चमक वेगळी, ही वेगळी. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते या रेषा खरवडतात आणि स्वतःचे ओरखडे सोडून जातात.

बरं, मग तो काळा थर म्हणजे काय? घाण? नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड बनतं. म्हणजे तो काळेपणा नाण्याच्या स्वतःच्याच चांदीतून आलेला असतो. ॲसिडमध्ये बुडवून तो काढला की ती चांदीही गेली. सोनाराकडून नाणं उजळून आणलं तरी तेच. तांब्याच्या शिवराईचंही तसंच. तिच्यावरचा तपकिरी थर खालच्या धातूला बऱ्यापैकी जपतो. चिंचेने तो काढला की गुलाबी, उघडं तांबं दिसतं, आणि साडेतीनशे वर्षांच्या नाण्यावर तो रंग जाणकाराला लगेच खटकतो.

मी कोड लिहितो, तिथे चूक झाली तर मागची आवृत्ती परत आणता येते. नाण्याला अनडू नाही. गेलेला धातू परत येत नाही.

पैशाच्या भाषेत सांगतो. आंतरराष्ट्रीय ग्रेडिंगमध्ये नाण्याला १ ते ७० अंक देतात. एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकेतल्या मोठ्या ग्रेडिंग कंपन्या. चुकीच्या पद्धतीने साफ केलेल्या नाण्याला त्या अंकच देत नाहीत, ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. नाणं खरं आहे, पण पृष्ठभाग बिघडलाय, असा त्याचा अर्थ. घेणारा मग भाव पाडणारच.

आता उलट बाजू. विकत घेताना साफ केलेलं नाणं ओळखायचं कसं? एका दिव्याखाली भिंगातून बघा, हळूहळू तिरकं करा. एकाच दिशेने जाणारे केसासारखे ओरखडे दिसतात का? मधला भाग लख्ख आणि अक्षरांच्या खाचांत काळं उरलंय का? झीज बरीच आहे, तरी नाणं सगळीकडे सारखंच चमकतंय का? मग ‘एकदम नवीन कंडिशन’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

मग काहीच करायचं नाही का? सुटी माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा आणि मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. नाणं कायम कडेने धरा. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात ठेवू नका, ते कालांतराने हिरवा चिकट थर सोडतं. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली तर मात्र थांबू नका. ते क्लोराइडमुळे होणारं गंज आहे, ओलाव्यात ते धातू खात राहतं. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आणि हो, सरसकट भीती नको. १९३९ च्या आधीच्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. खूप झिजलेल्या, सहज मिळणाऱ्या रुपयाची किंमत बहुतेक या चांदीचीच असते, तो घासून फार बिघडणार नाही. पण कुठला साधा आणि कुठला दुर्मिळ, हे साल आणि टांकसाळीची खूण बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी फोटो काढा, विचारा. पूजेला काळा रुपयाही चालतो, लक्ष्मी रुसत नाही!

हा भाग घरातल्या डबा उघडणाऱ्या माणसाला दिवाळीआधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.