हस्तोद्योग कशासाठीं?

शाळेंत मुलांच्या हातीं पाटी-पुस्तकाखेरीज एखादें काम द्यावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. तें कशासाठीं द्यावें, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचीं उत्तरें निरनिराळ्या देशांत निरनिराळीं मिळालीं आहेत.

रशियाच्या अमलाखालीं असलेल्या फिनलंडांत १८६६ सालींच लोकशाळांत हस्तोद्योगास स्थान मिळालें. ऊनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाला मुलांना सुतार करावयाचें नव्हतें. त्यांच्या नजरेला व हाताला वळण लावावयाचें होतें. स्वीडनमध्यें नेस येथें ओटो सालोमोन यांनीं हीच दृष्टि पुढें नेली. मुलानें केलेली वस्तु घरांत उपयोगी पडावी, आणि शिकविणारा केवळ कारागीर नसून शिक्षक असावा, असा त्यांचा आग्रह होता. फिनलंडांत हा विषय आजहि सक्तीचा आहे. २०१६ सालीं अमलांत आलेल्या अभ्यासक्रमानें लाकूडकाम आणि शिवणकाम मुलामुलींसाठीं एकाच विषयांत आणलें.

अमेरिकेंत शिकागो येथें जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं एक प्रायोगिक शाळा काढली. तेथील मुलांनीं कापसाच्या बोंडांतून हातानें सरकी काढून पाहिली. अर्ध्या तासांत एक औंसहि रुई निघाली नाहीं! मग पूर्वज सुती कपड्यांऐवजीं लोकरीचे कपडे कां वापरीत, हें त्यांना वेगळें सांगावें लागलें नाहीं.

हाच कापूस वर्ध्याच्या योजनेंत निराळें ओझें घेऊन आला. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें शिक्षण-परिषद भरली, आणि तिनें नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना आंखली. टकळीवर सूत कातावें, त्याच कामाच्या अनुषंगानें गणित व भूगोल शिकावा, आणि उद्योगाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकाचें वेतनहि निघावें, अशी गांधीजींची अपेक्षा होती. खेडोपाडीं शाळा काढावयाच्या, तर पैसा कोठून आणावयाचा, ही अडचण खरी होती. परंतु आर्थिक बाजूवर अवास्तव भर पडल्यास शिक्षणाचा हेतु मागें पडेल, हा धोका समितीनें स्वतःच नमूद करून ठेवला होता.

कापूस दोन्हीकडे एकच. पण एकीकडे त्यांतून प्रश्न निघावा अशी इच्छा होती, दुसरीकडे प्रश्नाबरोबर पगारहि. आज आपलें सूत वारंवार कां तुटलें, असें मुलाला विचारावेंसें वाटलें, तर टकळी त्याला शिकविते. केवळ सुताचे तार मोजले गेले, तर शाळेचा कारखाना होतो. म्हणून शाळेंत हस्तोद्योगाचा तास आहे कीं नाहीं, एवढेंच विचारून पालकांनीं थांबूं नये. त्या तासानंतर मूल घरीं येऊन काय विचारतें, इकडेहि त्यांनीं लक्ष द्यावें.