भाडेकरूची नव्वद दिवसांची उसंत

भाडें थकलें म्हणजे घर गेलेंच, या समजुतीनें कित्येक कुटुंबें मुकाट्यानें बिऱ्हाड हलवितात. वास्तविक १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूस दोनदां उसंत देतो. थकबाकीची लेखी नोटीस पोंचल्यावर ९० दिवस मालकास त्यासाठीं दावा लावतां येत नाहीं. पुढें समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी दरसाल १५ टक्के सरळव्याजासह भरली, निकालापर्यंत भाडें नियमित दिलें व कोर्टखर्च फेडला, तर त्या कारणावरून घर खालीं करण्याचा हुकूमनामा होत नाहीं. 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणारास मात्र हा आधार नाहीं. तेव्हां नोटीस आली कीं ती दडवूं नका; त्याच दिवशीं वकील गांठा, आप्तांस सांगा. बिऱ्हाड रस्त्यावर आल्यानंतरच्या सहानुभूतीपेक्षां त्या मुदतींत दिलेली उसनी रक्कम अधिक मोलाची.