वखार गेली, घाट राहिला



कोलकात्याच्या जन्माची कथा सांगताना सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन खेड्यांची नावे आवर्जून घेतली जातात. १६९८ साली इंग्रजांनी त्यांचे जमीनदारी हक्क मिळविले. प्लासीच्या लढाईनंतर तर नव्या फोर्ट विल्यमसाठी गोविंदपूर समूळ उठविण्यात आले. याच काठावर, थोडे उत्तरेस वसलेल्या बरानगरचे नाव मात्र या कथेत क्वचितच येते. कारण तेथे वखार होती ती डचांची.

१६७६ साली स्ट्रेनशॅम मास्टर हा इंग्रज अधिकारी तेथून गेला. डच लोक तेथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार डुकरे मारून, त्यांचे मांस खारवून आपल्या जहाजांना पुरवितात, असे त्याने नोंदविले आहे. त्यावरूनच गावास 'वराहनगर' हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती मोठ्या चवीने सांगितली जाते. ती मनोरंजक खरी, पण टिकणारी नव्हे. वृंदावनदासांच्या सोळाव्या शतकातील 'चैतन्यभागवता'त वराहनगराचा उल्लेख आहे आणि त्या काळी डच हुगळीवर पोहोचलेही नव्हते. गाव आधीचे, पाहुणे नंतरचे.

१७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने खणलेला 'मराठा खंदक' ही त्या वेळच्या कोलकात्याची वेसच होती. (हे नाव ऐकून मराठी माणसाने सुखवावे की ओशाळावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.) बरानगर त्या वेशीबाहेर राहिले. १७९५ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला आणि मग शहराला अडविणारे काही उरले नाही. १८५९ साली बोर्निओ कंपनीने येथे यंत्रमागांची तागगिरणी काढली. नदीकाठचे गाव भोंग्यावर उठू लागले ते तेव्हापासून. १८८६ साली येथल्याच एका पडक्या घरात रामकृष्णांच्या तरुण शिष्यांनी आपला पहिला मठ मांडला. विसाव्या शतकात महालनोबिसांची सांख्यिकी संस्था येथे आली. २०२१ साली मेट्रो आली. घरे आता कोलकात्याच्या घरांना सलग भिडलेली आहेत. तरीही बरानगरची नगरपालिका स्वतंत्र आहे, हे गोविंदपूरच्या वाट्याला न आलेले भाग्य म्हणावे लागेल.

आपल्या वेंगुर्ल्यात डच वखारीच्या भिंती दिसतात. बरानगरात वखारीची ओळख राहिली ती एका नावात. पलीकडे बेलूरला जाणारे लोक आजही 'कुठीघाटा'वरून नदी ओलांडतात, आणि बंगालीत कुठी म्हणजे वखार.