ट्रॉलीचा जॅक कमजोर का पडतो?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उन्हाळ्यात शेणखत आणि तलावातील गाळ वाहण्याची घाई असते. नेमकी तेव्हाच ट्रॉली अर्ध्यावर अडते, नाहीतर उचललेली ट्रॉली हळूहळू खाली बसू लागते. "जॅक गेला" म्हणून आपण तो उतरवून शहरात नेतो, नवे सील बसवतो आणि आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून जॅक खोलण्याआधी दोष त्यातच आहे ना, हे घरीच पाहून घ्यावे.

प्रथम ट्रॉली पूर्ण खाली घेऊन तेलाची पातळी पाहा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, फेस येत असेल तर पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे. नंतर आपला ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या ट्रॉलीला जोडा. तीही नीट उचलत नसेल तर दोष पंप, फिल्टर किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये आहे. जोर वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू मात्र आवळू नका, पाइप फुटेल.

ट्रॉलीचा जॅक तेलाने वर जातो आणि वजनाने खाली येतो. त्याचे सील गळाले तर तेल बाहेर दिसते. जॅक, पाइप सगळे बाहेरून कोरडे आहे आणि तरी ट्रॉली बसते, तेव्हा तेल बहुधा व्हॉल्व्हमधून टाकीत परतत असते. एका शेतकऱ्याने तीनदा सील बदलले. शेवटी व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेला बारीक कचरा निघाला!

लोडरच्या बकेटच्या सिलिंडरला दोन पाइप असतात. त्याची आतली गळती दिसत नाही. बकेट जमिनीवर टेकवून रॉडची पिन काढा (सिलिंडर दोन असतील तर दोन्हींच्या) आणि रॉड पूर्ण बाहेर काढा. इंजिन बंद करून लिव्हर पुढेमागे हलवा, म्हणजे दाब उतरेल. रॉडच्या बाजूचा पाइप सोडून त्याला बूच लावा आणि उघड्या तोंडाखाली बादली ठेवा. इंजिन सुरू करून लिव्हर रॉड बाहेर काढण्याच्या बाजूलाच दाबा. चार थेंब पडले तर हरकत नाही. धार सुरूच राहिली तर पिस्टनचे सील गेले.

येथे एक इशारा देतो. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. ६३ मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर दर चौरस सें.मी.ला १५० किलो दाब असेल तर साडेचार टनांहून अधिक जोर तयार होतो. त्या दाबाचे तेल सुईच्या छिद्रातून कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे, नाहीतर हात गमावण्याची पाळी येते. उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेका दिल्याशिवाय कोणीही शिरू नये.

आता दुरुस्ती. सिलिंडर खोलताना रॉड काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, रॉड गोळीसारखा सुटतो. सील किट विकत घेण्याआधी रॉडवरून नख फिरवा. नख अडेल असा ओरखडा असेल, क्रोम उडाला असेल किंवा रॉड वाकला असेल, तर नवे सील टिकणार नाही. बॅरलमधील हलके ओरखडे होनिंगने जातात. खोल असतील तर बॅरल बदलावा. खर्च मोठा आहे, पण दर हंगामात सील बदलण्यापेक्षा तो परवडतो.

जुने सील काढताना त्याचे तोंड कोणत्या बाजूला होते ते लिहून ठेवा. दाबाच्या सीलचे तोंड तेलाकडे, धुळीच्या सीलचे बाहेर. नवे सील स्वच्छ हायड्रॉलिक तेलात बुडवून, आट्यांवर टेप गुंडाळून बसवावे. येथे स्क्रूड्रायव्हर नको आणि ग्लँड नटवर छिन्नी तर मुळीच नको.

जोडल्यावर रिकामी ट्रॉली सावकाश चार-पाच वेळा वर-खाली करा, हवा निघून जाईल. मग ट्रॉली खाली घेऊन तेल पुन्हा पाहा; पातळी उतरलेली असेल, तेवढे त्याच प्रतीचे तेल भरा.